स्वर सोडायची वेळ

मंगळवार, रात्री

तालमीत आज ताईंनी ऐनवेळी गाण्याची पट्टी, म्हणजे सा, बदलली. वहीत पांढरी चार (पेटीवरच्या सप्तकातली चौथी पांढरी) लिहिलेली होती, पण सर्दीने आवाज बसलाय म्हणून म्हणाल्या, "आज काळी दोनमध्ये घेऊया का?" कीबोर्डवाल्या दादाने ट्रान्स्पोजचं, म्हणजे सगळे स्वर अर्ध्या स्वराने सरकवणारं, बटण दोनदा दाबलं आणि तो मोकळा झाला. काकांनी पिशवीतून दुसरा तबला काढून मांडला. माझ्या बेस गिटारला बटण नाही आणि दुसरा बेस बरोबर आणायची सोयही नाही, त्यामुळे सगळं गाणं मनातल्या मनात सरकवायचं. मला हे आवडतं.

नेहमीच्या चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालची मोकळी तार पांढरी तीनची असते. काळी दोन तिच्याही अर्धा स्वर खाली. म्हणजे गाण्याचा सा खर्जात हवा असेल तर चार तारांवर तो मिळतच नाही, वरच्या सप्तकातला घ्यावा लागतो आणि सगळं गाणं जमिनीपासून उचलल्यासारखं लागतं. पाच तारांचा बेस मी घेतला तो यासाठी. पाचवी तार पांढरी सातची. तिच्या चौथ्या पडद्यावर (फ्रेटवर) बोट ठेवलं की काळी दोनचा भरदार सा हातात येतो. माझ्या दुसऱ्या बँडमधली मुलं पाचवी तार जड रॉकसाठी वापरतात. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात ती गाणाऱ्यांच्या गळ्यासाठी लागते.

तालमीनंतर पुन्हा तोच विषय निघाला. शनिवारच्या कार्यक्रमाची सुपारी ज्यांनी दिली त्यांनी विचारलं होतं म्हणे, की एक माणूस कमी करता येईल का, बेस तर कीबोर्डवरही वाजतो. वाजतो, खरं आहे. दादा डाव्या हाताने उत्तम वाजवतो, आणि गावोगावचे कितीतरी संच तसेच चालतात. मी त्याच्याशी वाद घालत नाही. आज काकाच मध्ये बोलले. "तिचा बेस माझ्या डग्ग्याला जागा देतो," एवढंच म्हणाले आणि तबल्याच्या पिशवीची चेन लावली. विषय तिथेच संपला.

बुधवार

काकांच्या वाक्याबद्दल दिवसभर विचार चालू होता. ऑफिसात खरेदीच्या ऑर्डरी टाकतानाही पायाने केरवा ताल धरलेला.

धा गे न ति, न क धि न. आठ मात्रा. डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खालच्या आवाजाच्या वाद्याची, घुमारी पहिल्या मात्रेवर आहे, दुसऱ्यावर आहे, मग एकदम सातवीवर. मधल्या चार मात्रांत डग्गा घुमत नाही. आता बेसचा स्वर मी पहिल्या मात्रेवर लावला आणि तसाच धरून ठेवला, तर काकांचा 'गे' माझ्या आवाजाखाली गाडला जातो. दोघांचा मुक्काम एकाच खालच्या पट्ट्यात. काका मनगटाने डग्ग्यावर जी मींड घेतात, म्हणजे आवाज घसरवत नेतात, ज्यासाठी त्यांनी आयुष्य घालवलं, ती समोर बसलेल्या माणसापर्यंत पोचतच नाही. तोच स्वर पहिल्या मात्रेवर लावून दुसरीच्या आत सोडला, पुढचा पाचवीवर घेऊन सातवीच्या आत सोडला, की 'गे' आणि 'धि' दोन्ही मोकळे ऐकू येतात आणि ठेका आपोआप चालायला लागतो. स्वर तेच, जागा त्याच. फक्त कुठे संपले ते बदललं.

बेस शिकताना सगळे विचारतात, कोणता स्वर घ्यायचा? या जुन्या गाण्यांत त्याचं उत्तर फार अवघड नसतं. कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) मूळ स्वर, पाचवा, मध्ये एखादा जोडस्वर. खरं काम स्वर सोडण्यात आहे. डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसता दाब सैल करायचा. बोट तारेला टेकलेलंच राहतं आणि आवाज मिटतो. पूर्ण उचललं तर मोकळी तार वाजू लागते. उजव्या हाताचा अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर टेकवून ठेवायचा, नाहीतर त्या आपल्याआपण कंप पावून घूं घूं करत राहतात. ऐकणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. पण गाणं डुलतंय की ओढत चाललंय, हे बऱ्याच वेळा इथेच ठरतं असं माझं ठाम मत आहे.

कीबोर्डवरही बोट उचललं की स्वर थांबतो. फरक इतकाच की दादाचं अर्धं लक्ष उजव्या हातातल्या व्हायोलिनच्या पीसमध्ये असतं, आणि ते तिथेच असायला हवं. काकांच्या मनगटाकडे पूर्णवेळ बघणारं कोणीतरी लागतं.

गुरुवार, उशिरा

रात्री जुनी रेकॉर्डिंग्ज हेडफोन लावून ऐकली, फक्त बेस. साठच्या दशकातल्या बऱ्याच गाण्यांत उभा डबल बेस आहे: बोटाने छेडलेला, टप्पकन लागून लगेच विरणारा. पुढे या गाण्यांत बेस गिटार आली. अमेरिकेत मात्र लिओ फेंडरने प्रिसिजन (म्हणजे नेमका) बेस 1951 सालीच बाजारात आणला होता. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून ते नाव. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या संचात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. त्या काळात सगळे वादक एकत्र बसून रेकॉर्डिंग करायचे. आजच्यासारखं नंतर घरी बसून एकेक ट्रॅक दुरुस्त करण्याची सोय नव्हती. हे लक्षात ठेवून ऐकलं की त्या बेसमधली शिस्त अंगावर येते.

मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांचं ऋण किती मोठं आहे, तेही अशा वेळी जाणवतं. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमधून पोरांना स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि व्हायोलिन शिकवलं जाई. कागद समोर ठेवला की वाजवणारी माणसं मुंबईला तिथून मिळाली. तबल्याच्या ठेक्याखाली पाश्चात्त्य कॉर्ड बसवण्याची जी कला आम्ही हौशी लोक शनिवार-रविवारी गिरवतो, तिच्यामागे त्यांचे हात आहेत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं तरी माहीत असावीत. कार्यक्रमात निवेदक गायक, गीतकार, संगीतकार सांगतो. कधीतरी अरेंजरचंही, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणाऱ्याचंही, नाव घ्यावं म्हणून मी आमच्या निवेदकाच्या मागे लागले आहे, आणि शनिवारी तो घेणार आहे.

झोपायच्या आधी स्वयंपाकघरातल्या नव्या स्पंजची बोटभर पट्टी कापून बेसच्या ब्रिजपाशी, तारा खाली जिथे टेकतात तिथे, तारांखाली सरकवली. स्वर लागतो आणि लवकर मरतो, बराचसा डबल बेससारखा. ही युक्ती काही माझी नव्हे. फेंडरच्या सुरुवातीच्या बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली फोम लावलेलाच येत असे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने जे वाजवून गेला, त्यातही हा दबलेला, गोल आवाज आहे. एकाच बोटाने! मी दोन बोटांनी वाजवते आणि तरी त्याच्या ओळी पूर्ण वेगात अजून हाताखाली आलेल्या नाहीत. रोज थोडं थोडं चालू आहे.

शनिवार, मध्यरात्र उलटून गेली

सोसायटीची कोजागिरी. कार्यक्रम हिरवळीवर ठरला होता, पण परतीच्या पावसाने दुपारी आभाळ भरून आलं आणि सगळी मांडणी पार्किंगमध्ये हलवली. चार वाजता बातमी कळली तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच: आता सगळे स्वर आखूड करायचे.

उघड्यावर खालचे स्वर निघून जातात. भिंत नाही, छत नाही, परत काही येत नाही. तिथे स्वर लांब धरावे लागतात, नाहीतर गाणं पोकळ वाटतं. पार्किंगमध्ये नेमकं उलटं. खाली फरशी, वर सपाट स्लॅब, तीन बाजूंनी काँक्रीट. चार तारांमधल्या खालच्या मोकळ्या तारेचा स्वर सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा, त्याची हवेतली लाट आठ मीटरच्या पुढे भरते. अशा जागेत काही स्वर फुगून दुप्पट होतात आणि काही गायबच होतात, आणि खांबापासून चार पावलं सरकलं की हिशेब बदलतो.

साउंड चेकच्या वेळी साउंडवाल्या दादांना विनंती करून मी लांब वायर घेतली आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत वाजवत चालत गेले. अंदाज खरा निघाला. पांढऱ्या सहाच्या आसपास सगळं पार्किंग घुमत होतं, गाड्यांच्या नंबरप्लेट थरथरत होत्या. दादांनी बोर्डावर तेवढाच भाग खाली ओढला. त्यांनी सगळाच बेस कमी केला असता तर त्यांचं काम सोपं झालं असतं, पण त्यांनी शोधून नेमका तेवढाच कापला. अशी माणसं भेटली की अर्धा कार्यक्रम तिथेच पार पडतो. डीआय बॉक्सवरची (बेस साउंड बोर्डाला जोडणाऱ्या डबीवरची) अर्थिंगची कळ फिरवून जनरेटरची घरघरही त्यांनीच घालवली.

सुरुवातीला पहिल्या रांगेतले एक आजोबा काळजीच्या सुरात विचारून गेले, "ते डॉल्बीसारखं छातीत धडधडणार नाही ना?" त्यांची भीती समजते. गेल्या काही वर्षांत खालचा आवाज म्हटलं की मिरवणुकीतली भिंतच लोकांना आठवते. तिथे खालच्या आवाजाला शेवटच नसतो, एक धक्का विरायच्या आत दुसरा येऊन आदळतो. मी म्हटलं, "आजोबा, त्रास झाला तर हात वर करा, मी बघते." त्यांनी हात वर केला नाही. तिसऱ्या गाण्यापासून ते गुडघ्यावर ताल धरून होते.

ताईंचं काळी दोनमधलं गाणं मध्यंतरानंतर आलं. संथ दादरा ताल. पार्किंगची घुमारी जमेस धरून मी स्वर एका मात्रेच्या आत सोडत होते. बाकीचं काम काँक्रीट करत होतं. अंतऱ्याच्या शेवटी ताई एका ओळीवर रेंगाळतात, कितीही तालीम केली तरी रोज वेगळ्या ठिकाणी. आज त्यांचा श्वास पुरत नव्हता, सर्दी अजून होतीच. पाठमोऱ्या ताईंचे खांदे वर गेले ते मला दिसलं, मी स्वर सोडला, आणि त्याच क्षणी काकांनी डग्ग्यावर तळवा ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. त्या पोकळीत ताईंनी शांतपणे श्वास घेतला आणि समेवर अशा आल्या की लोकांनी टाळीच दिली. वन्स मोअर मिळाला. दुसऱ्या वेळी ताई भलतीकडेच रेंगाळल्या आणि आम्ही दोघं तिथेही थांबलो.

दहाच्या आत सगळं बंद. मग मसाला दूध. पाकीट मिळालं. नाईट, म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन, जी ठरली होती तीच होती. एवढ्यात तारांचा एखादा संच आणि रिक्षाभाडं निघतं. पगार माझा ऑफिसात येतो, त्यामुळे मला नाही म्हणता येतं आणि फुकटही वाजवता येतं. काकांना ती मुभा नाही, त्यांचं घर यावर चालतं. म्हणून हौशी असले तरी मी स्वतःची नाईट पाडून सांगत नाही. मी पाडली की उद्या त्यांनाही तोच आकडा ऐकवला जातो.

रविवार

खांदा दुखतोय. बेस चार किलोच्या पुढे आहे आणि काल पट्टा अरुंद होता. तारा पुसल्या, स्पंज काढून ठेवला. संध्याकाळी दुसऱ्या बँडची तालीम, तिथे स्पंज चालत नाही.

सोमवार

ताईंचा निरोप आला. आवाज सुधारतोय, पुढच्या कार्यक्रमाला तेच गाणं पांढरी तीनमध्ये घेऊया म्हणतात. दादा बटण एकदा दाबेल. माझ्या हातात आता सा मोकळ्या तारेवर येतो, बोट न लावताच, आणि सगळ्यांना वाटेल की काम सोपं झालं. पण मोकळी तार डाव्या हाताचा दाब सैल करून थांबत नाही. दाबच नसतो तर सैल काय करणार? ती वेगळी दाबून मिटवावी लागते, आणि ताईंचे खांदे वर जातात त्या घटकेला तेवढा वेळ नसतो. म्हणून मोकळी तार घ्यायचीच नाही असं ठरवलंय. सा पाचव्या तारेवर, पाचव्या पडद्यावर. काळी दोनमधली सगळी बोटं जशीच्या तशी एक पडदा वर. वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलं, गुरुवारी तालमीच्या आधी अर्धा तास काकांबरोबर नुसता दादरा वाजवून बघायचा.