फ्रिजच्या मागच्या भिंतीशी ठेवलेले इन्शुलिन

रुग्णालयाच्या औषधविभागात काम करताना वॉर्डातून येणाऱ्या चौकश्या बहुधा मात्रेविषयी असतात. त्या दिवशी दुपारी आलेला दूरध्वनीही वरवर पाहता तसाच होता. सत्तरी ओलांडलेल्या एका मधुमेही आजोबांना सकाळी नेहमीइतकेच इन्शुलिन दिले होते. तरीही दुपारच्या जेवणाआधी त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि रक्तातली साखर ५२ भरली. परिचारिकेने तत्परतेने १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजले, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजली आणि ती वर येत असल्याची खात्री झाल्यावर मला विचारले, की औषधविभागाकडून चुकून जास्त तीव्रतेची बाटली तर आली नाही ना. मी साठा तपासला. बाटली, तिची तीव्रता आणि सिरिंज, सारे बरोबर होते.

मग कोड्याची दुसरी बाजू समोर आली. हेच आजोबा काही दिवसांपूर्वी दाखल झाले, तेव्हा त्यांची साखर ४५० च्या वर होती आणि शरीरातले पाणी कमालीचे घटले होते. गेले दोन महिने साखर आटोक्यात येत नव्हती, म्हणून सकाळची मात्रा २४ युनिटांवरून टप्प्याटप्प्याने ४० युनिटांपर्यंत वाढवण्यात आली होती आणि तरीही आकडे खाली यायला तयार नव्हते. ‘औषधे नियमित घेत नसावेत’ अशी नोंद आधीच्या कागदांवर कोणीतरी केली होती. आता वॉर्डात तीच ४० युनिटे दिली, तर साखर धोकादायकरीत्या कोसळली. घरी जी मात्रा अपुरी पडत होती, तीच रुग्णालयात जास्त का व्हावी?

रुग्ण औषध चुकवतो, हे अशा वेळी सर्वांत सोपे उत्तर असते, आणि म्हणूनच मला ते फारसे पटत नाही. मी आजोबांजवळ जाऊन बसले. त्यांनी उशीखालून वही काढली. प्रत्येक दिवसाची वेळ, युनिटे आणि टोचण्याची जागा त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवली होती. “मॅडम, मी एकही डोस चुकवलेला नाही, पण कोणाचा विश्वासच बसत नाही,” एवढेच ते म्हणाले. मी त्यांना औषध भरून दाखवायला सांगितले. त्यांनी बाटली तळहातांमध्ये हलकेच फिरवली, बुडबुडे काढले आणि नेमक्या रेषेपर्यंत औषध ओढले. एकाच जागी वारंवार टोचल्याने त्वचेखाली गाठी होतात आणि तेथून औषध नीट शोषले जात नाही. तशा गाठीही त्यांच्या पोटावर किंवा मांडीवर नव्हत्या. तेव्हा त्यांच्या सूनबाईंना मी घरातले सगळे इन्शुलिन, आणि त्यासोबत घरातली इतर सगळी औषधेही, आहेत तशी आणायला सांगितले.

त्यांचे इन्शुलिन मिश्र प्रकारचे होते, म्हणजे त्यातला काही भाग लगेच काम करणारा आणि उरलेला भाग सावकाश विरघळणाऱ्या सूक्ष्म कणांच्या रूपातला. असे औषध हलक्या हाताने फिरवले की ते सर्वत्र सारखे, दुधासारखे पांढरे दिसायला हवे. सूनबाईंनी आणलेली बाटली मी उजेडासमोर धरली, तेव्हा काचेच्या आतल्या बाजूला पांढरे दाणे चिकटलेले होते आणि कितीही फिरवले तरी द्रवात गुठळ्या तरंगत राहत होत्या. न उघडलेल्या बाटल्यांचीही तीच गत होती. मुदत संपायला मात्र अजून कितीतरी अवकाश होता.

“या फ्रिजमध्ये कुठे ठेवलेल्या असतात?” असे मी विचारले. उत्तर देताना सूनबाईंच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो रास्तही होता. दोन महिन्यांपूर्वी घरातले लहान मूल उभे राहून फ्रिज उघडायला शिकले, तेव्हा दारातल्या कप्प्यात असलेल्या बाटल्या त्यांनी सर्वांत वरच्या फळीवर, अगदी आत, मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. मुलाचा हात तेथवर पोहोचणे अशक्य होते. ती फळी बर्फाच्या कप्प्याच्या थेट खाली होती आणि उन्हाळा असल्याने फ्रिजचे बटण सर्वांत थंड खुणेवर होते. मी त्यांना त्या रात्री त्याच जागी पाण्याने भरलेली एक छोटी बाटली ठेवायला सांगितले. सकाळी त्यांचा फोन आला: पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते गोठता कामा नये, ही त्याच वाक्याची दुसरी अर्धी बाजू मात्र बाटलीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत राहून जाते. गोठल्यावर त्यातले कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यानंतरही पूर्ववत सुटे होत नाहीत. त्यामुळे सिरिंजमध्ये युनिटे बरोबर भरली, तरी त्यात प्रत्यक्ष औषध कधी फारच कमी येते, तर कधी एखादी गुठळी ओढली जाऊन अनपेक्षित प्रमाणात येते. पारदर्शक इन्शुलिन तर गोठून वितळल्यावर डोळ्यांना पूर्वीसारखेच दिसू शकते. गोठल्याची शंका आली, की ते टाकून देणे हाच एक मार्ग उरतो.

मला सर्वाधिक हादरवले ते या प्रकरणातल्या न घडलेल्या गोष्टीने. निकामी औषधाच्या आधारे मात्रा २४ वरून ४० वर गेली होती. वॉर्डात साखर घसरली, तेव्हा परिचारिका चार पावलांवर होती. समजा, जुन्या बाटल्या संपून घरात नवी, चांगली बाटली आली असती आणि आजोबा नेहमीच्या शिस्तीने ४० युनिटे घेऊन दुपारी खोलीचे दार लोटून आडवे झाले असते, तर ते झोपले आहेत, असेच सर्वांना वाटले असते. म्हणून साखर अकारण वाढलेली दिसली, की मात्रा वाढवण्याआधी औषध कोठे आणि कसे ठेवले जाते हे विचारले जावे, असा माझा आग्रह आहे आणि तो मी प्रत्येक डॉक्टरांजवळ धरते.

सूनबाईंचा मूळ हेतू चुकीचा नव्हता, त्यामुळे बाटल्या पुन्हा दारात ठेवा, असे सांगणे शक्यच नव्हते. शिवाय दार सतत उघडते आणि तेथील तापमान खालीवर होत राहते. आम्ही ठरवले ते असे: न उघडलेल्या बाटल्या कुलूप लागेल अशा झाकणाच्या डब्यात, मधल्या फळीवर, भिंतींपासून दूर. वापरात असलेली बाटली घरातले तापमान ३० अंशांच्या आत असेल, तर बाहेर, पण उन्हापासून आणि शेगडीपासून लांबच्या बंद कपाटात. तिच्यावर उघडल्याची तारीख लिहायची आणि सामान्यतः २८ दिवसांनी, औषध उरलेले असले तरी, ती बाजूला काढायची.

पिशवीतल्या बाकीच्या औषधांनीही मला बराच वेळ थांबवले. छातीत दुखू लागल्यास जिभेखाली ठेवण्याच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतून काढून वारांच्या खणांच्या प्लास्टिकच्या डबीत घातल्या होत्या, म्हणजे सोयीने सापडतील. या गोळ्यांतले औषध हवेत उडून जाते आणि प्लास्टिकमध्येही शोषले जाते. गोळी तशीच दिसते, पण ऐन वेळी तिच्यात दम उरलेला नसतो. आजोबांना सुदैवाने मधल्या काळात तिची गरज पडली नव्हती. त्याच डबीत आजींच्या मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडच्या गोळ्याही होत्या आणि डबीचे झाकण बोटाने दाबताच उघडत होते. अशी एकच गोळी लहान मुलाची साखर गंभीररीत्या खाली आणू शकते, तेही कित्येक तासांनी, म्हणून अशा मुलाला साधारण दिवसभर देखरेखीखाली ठेवावे लागते. हे ऐकून सूनबाईंनी डबी माझ्यासमोरच मिटून हातात घट्ट धरली.

डॉक्टरांनी आजोबांची सकाळची मात्रा नव्या बाटलीवर २४ युनिटांपासून पुन्हा सुरू केली आणि नंतर ती २६ वर स्थिर झाली. ‘औषधे नियमित घेत नसावेत’ ही नोंद माझ्या विनंतीवरून खोडण्यात आली आणि तिच्या जागी खरे कारण लिहिले गेले. गोठलेल्या बाटल्या मी औषधांच्या कचऱ्यात नष्ट करण्यासाठी स्वतः जमा केल्या.