थेंब कुठे पडतो यापेक्षा कधी पडतो ते बघा: जुन्या एसएलकेच्या गिअरबॉक्सची गळती

गाडीखाली लाल ठिपका दिसला की बहुतेक गॅरेजांत एकच उत्तर मिळतं: "पॅनचं गॅस्केट गेलं." पॅन म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाला बसणारी ऑइलची परात. तिचं गॅस्केट बदललं जातं आणि महिनाभरात ठिपका परत त्याच जागी. मर्सिडीज एसएलके २३०, म्हणजे १९९६ ते २००४ मधली आर१७०, हिच्यातल्या ७२२.६ या पाच गिअरच्या ऑटोमॅटिक बॉक्सचं हे दुखणं नेहमीचंच. ऑइल वर कुठूनही सुटलं तरी घरंगळत पॅनच्या कडेला येतं आणि सगळ्यांत खालच्या बोल्टवरून टपकतं. गाडी पळत असली तर वारा त्याला आणखी मागे नेतो. म्हणून ओली दिसणारी जागा धरून चालू नका.

आधी ते गिअरबॉक्सचंच ऑइल आहे ना, ते पाहा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा आणि पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलने आखून ठेवा, म्हणजे थेंब गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते कळतं. ताजं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लाल असतं, जुनं तपकिरी. त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगमध्येही कोणीतरी एटीएफ ओतलेलं असतं. लाल थेंब इंजिनच्या पुढच्या भागाखाली असेल तर संशय तिकडे घ्या. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या भागाच्या) सांध्यातून काळं ऑइल येत असेल तर ते इंजिनच्या मागच्या सीलचं. मे महिन्यात एसी चालवून आल्यावर खाली पडतं ते निव्वळ पाणी, ते सोडून द्या.

मग धुणं. नागपूरची धूळ आणि ऑइल मिळून बॉक्सवर चांगला बोटभर लेप बसतो, तो असताना काहीच दिसत नाही. गाडी जॅक स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या, कारण ब्रेक क्लीनर पेट घेतो. ब्रेक क्लीनर आणि चिंध्यांनी बॉक्स कोरडा करा. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा मात्र वायरिंगच्या प्लगवर मारू देऊ नका. कोरड्या झालेल्या बॉक्सवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. जिथून ऑइल सुटेल तिथे पावडरीत गडद ओघळ उठतो, आणि त्या ओघळाचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

आता वेळेचा हिशोब, कारण खरी माहिती त्यातच आहे.

गाडी आठ-दहा दिवस उभी राहिल्यावरच गळत असेल तर कारण सरळ आहे. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणाऱ्या भागातलं) ऑइल हळूहळू खाली उतरतं आणि पॅनमधली पातळी नेहमीपेक्षा वर चढते. एरवी कोरडे राहणारे वरचे सांधे मग ऑइलमध्ये बुडतात. हौसेची गाडी आठवड्यातून एकदा निघते, त्यामुळे अशा गाड्यांत हाच प्रकार जास्त. इथे पहिला संशय बॉक्सच्या उजव्या बाजूच्या, वायरिंगच्या १३ पिनांच्या गोल प्लगवर घ्या. त्याच्या अडॅप्टरवरच्या दोन ओरिंग (रबरी कड्या) उष्णतेने कडक होतात. हा भाग स्वस्त आहे, पण दुर्लक्ष महागात पडतं: ऑइल वायरींच्या आतून केशाकर्षणाने चढत थेट गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. युनिटचा प्लग काढून पिना पाहा. तिथे ऑइल असेल तर निदान झालंच. सिग्नल बिघडला की बॉक्स लिंप मोडमध्ये, म्हणजे बचावाच्या अवस्थेत, जातो आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकते. त्यानंतर गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील आणि ऑइल भरायच्या नळीच्या तळाची ओरिंग तपासा.

इंजिन चालू असतानाच, विशेषतः गरम झाल्यावर गळत असेल तर दाबाखालचे भाग बघा. ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या आधी, त्यातही रबर आणि धातू जोडणारी क्रिंप (दाबून बसवलेली कडी). तिथे ओल असेल तर क्लॅम्प लावून भागत नाही, नळी बदला. बेल हाउसिंगच्या खालून लाल ऑइल येत असेल तर बहुतेक पुढच्या पंपाचं सील. त्यासाठी बॉक्स उतरवावा लागतो. तेव्हा बाकी सगळ्या जागा पावडरीने बाद केल्याशिवाय ते काम काढू नका. हायवेवरच्या वेगानंतरच मागचा भाग ओला होत असेल तर आउटपुट शाफ्टचं सील पाहा.

आणि एक कारण असं की ज्यात भाग बिघडलेलाच नसतो: ऑइल जास्त भरलेलं. जास्त ऑइल फिरत्या भागांनी घुसळून फेसाळतं आणि सुटायला वाट शोधतं. या बॉक्सला कायमची डिपस्टिक नाही. नळीवर लाल पिनेने बंद केलेलं झाकण असतं, पिन तोडून ते उघडायचं, मोजायची दांडी वेगळी घ्यायची आणि शेवटी नवी पिन बसवायची. दांडीवर २५ आणि ८० अंशांच्या खुणा असतात. नवतप्यात नागपुरात पहाटेही ऑइल २५ अंशांवर नसतं, डिसेंबरात त्याहून खाली असतं, तेव्हा २५ ची खूण इथे जवळपास निकामी. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या, गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन चालू ठेवून पी मध्ये ८० वर मोजा. तापमान स्कॅनरवर बघताना एक खोच आहे: पी आणि एन मध्ये या बॉक्सच्या सेन्सरचं वाचन मिळतच नाही. ब्रेक दाबून डी मध्ये टाका, आकडा वाचा, मग पी मध्ये आणून दांडी घाला.

प्लगचं काम पॅन उतरवतानाच उरका. ड्रेन बोल्टला ५ मिमीची ॲलन की लागते, वॉशर नवा. पॅनचे सहा बोल्ट टी३० चे (ताऱ्यासारख्या टोकाच्या पान्याचे). प्लगचं लॉक फिरवून काढलं की अडॅप्टर ७ मिमीच्या एका बोल्टवर असतो. तो सरळ ओढा, नव्या ओरिंगांना एटीएफचं बोट लावून बसवा. पॅनच्या बोल्टना ८ न्यूटन-मीटर आणि ड्रेनला २० पुरे. "गळू नये म्हणून" जोर लावला की पॅनची कड वाकते आणि मग ते खरंच गळतं. नुसत्या पॅनमधून साधारण ४ लिटर निघतं. निघालेलं मापाच्या भांड्यात मोजा, तेवढंच भरा, मग पातळी जुळवा. ऑइल एमबी २३६.१४ मान्यतेचंच. २३६.१५ पुढच्या सात गिअरच्या बॉक्ससाठी आहे, ते यात नको.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या काउंटरवर आग्रहाने दिल्या जातात. त्या रबर फुगवतात. कडक झालेली ओरिंग काही दिवस गप्प बसते, पण चांगली सीलंही त्याच ऑइलमध्ये मऊ होत राहतात. शिवाय वायरीतून चढणाऱ्या ऑइलवर त्यांचा काहीच उपाय नाही.

काम झाल्यावर परत पावडर मारा आणि गाडी मुद्दाम दहा दिवस हलवू नका. त्यानंतर पुठ्ठा बघा.