पीपीटी शिकले, सेंट्रल लायब्ररीतली काचेची जमीन दाखवायला

ग्रंथालयाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आमच्या इथल्या मराठी मंडळानं मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच सुचवला होता: बडोदा संस्थानातली ग्रंथालयं. बोलण्याची सवय मला आहे. पण बडोद्यातल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, वरचा उजेड त्या काचेतून खालच्या मजल्यावर उतरतो, हे नुसतं सांगून समोरच्याला दिसत नाही. ते दाखवायलाच हवं होतं. म्हणून पीपीटी, म्हणजे पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड करणं, शिकायचं ठरवलं आणि भाचीला गाठलं. ती एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते, तिला हे रोजचंच.

तिनं पहिल्या बैठकीत रंग, फुलं, नक्षी यांतलं काही उघडूच दिलं नाही. व्ह्यूमध्ये जाऊन आउटलाइन व्ह्यू उघडून दिला आणि म्हणाली, "मावशी, आधी फक्त मथळे लिही. आणि अख्खं वाक्य लिही हं, नुसतं 'इतिहास' नको." डाव्या बाजूला एकाखाली एक मथळे येत गेले. '१९०६ : संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत.' 'महाराज सयाजीराव अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून आले.' '१९१० : विल्यम बॉर्डन बडोद्यात दाखल.' (बॉर्डन म्हणजे महाराजांनी ग्रंथालयं उभारायला बोलावलेले अमेरिकन ग्रंथपाल.) मग तिनं मला नुसते मथळे सलग वाचायला लावले. सलग वाचल्यावर दिसलं की सक्तीच्या शिक्षणाचा मथळा सगळ्यांच्या वर हवा. गावातली मुलं वाचायला शिकली, पण शाळा सुटल्यावर वाचायला हाताशी काही नसेल तर शिकलेलं विसरायला कितीसा वेळ लागतो? ग्रंथालयं निघाली ती या काळजीतून. तो मथळा माउसनं धरून वर ओढला आणि माझं व्याख्यानच नीट लागलं. या शिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते हाच.

यात एक मेख आहे. मथळा स्लाइडवरच्या तयार चौकटीत, म्हणजे जिथे 'क्लिक टू ॲड टायटल' दिसतं तिथेच लिहायचा. वेगळा टेक्स्ट बॉक्स घेऊन लिहिलं तर ते आउटलाइनमध्ये येत नाही, आणि पुढे स्लाइड मास्टरमध्ये मथळ्याचं अक्षर बदललं तरी त्याला लागू होत नाही. स्लाइड मास्टर व्ह्यूमध्येच असतो. त्यातल्या सर्वांत वरच्या मोठ्या स्लाइडवर फॉन्ट, आकार, रंग एकदा ठरवले की सगळीकडे तेच लागतात. मी निर्मला यूआय घेतला, कारण तो विंडोजमध्ये आधीपासून असतो आणि जोडाक्षरं स्वच्छ दाखवतो.

मराठीसाठी आणखी एक गोष्ट मास्टरमध्येच करून टाकावी. नेहमीच्या ऑफिस थीममध्ये मजकुराच्या ओळींतलं अंतर एकपट धरलेलं नसतं, त्याहून थोडं कमी, ०.९ असतं. इंग्रजीला ते चालतं. आपल्याकडे वरच्या ओळीतल्या 'पुस्तकांची'मधला उकार खाली लोंबतो आणि खालच्या ओळीतल्या 'पेट्यांमध्ये'ची मात्रा नि अनुस्वार वर जातात. दोन्ही एकमेकांना भिडतात आणि मागच्या रांगेतल्या माणसाला नुसता गिचमिडा दिसतो. लाइन स्पेसिंगमध्ये मल्टिपल निवडून १.२ केलं की अक्षरं सुटी होतात. टायपिंगला विंडोजचा मराठी फोनेटिक कीबोर्ड पुरला. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबलं की मराठी-इंग्रजी अदलाबदल होते.

मजकूर चौकटीत मावेनासा झाला की पॉवरपॉइंट स्वतःच अक्षर लहान करत जातं. भाचीनं ही खूण ओळखायला शिकवलं: अक्षर लहान व्हायला लागलं की स्लाइडवर जास्त झालंय, उरलेलं खालच्या नोट्समध्ये जायला हवं. नोट्स पडद्यावर दिसत नाहीत. प्रेझेंटर व्ह्यू चालू असला तर त्या आपल्यालाच आपल्या लॅपटॉपवर दिसतात.

या प्रोग्रामची गोष्टही मी मुद्दाम शोधून वाचली. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचा हा प्रोग्राम १९८७ मध्ये आला, तोही मॅकिंटॉशवर. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना घेतली. सुरुवातीला तो ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक पानांसाठीच होता. पण बडोद्याच्या माणसानं याच्याही बरंच मागे जावं. संस्थानच्या ग्रंथालय खात्याची एक शाखा गावोगावी जाऊन मॅजिक लँटर्नच्या (काचेवरचं चित्र दिव्यानं पडद्यावर पाडणाऱ्या यंत्राच्या) काचेच्या स्लाइड, स्टिरिओस्कोप (चित्राला खोली देणारी दुर्बीण) आणि सिनेमा दाखवत असे. ज्यांना अजून वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंतही ग्रंथालय पोचावं म्हणून. चित्र पडद्यावर आणि माहिती माणसाच्या तोंडून, ही विभागणी त्या काळी साधली होती. आज आपण अख्खे परिच्छेद पडद्यावर टाकतो आणि तेच वाचून दाखवतो, हे मला खरंच खटकतं. मी स्लाइडवर फोटो, नकाशा, मथळा आणि साल एवढंच ठेवलं.

काचेच्या जमिनीच्या फोटोला पूर्ण स्लाइड दिली. फोटो कोपऱ्याला धरून मोठा केला की प्रमाण बिघडत नाही, बाजूच्या मधल्या ठिपक्याला धरलं तर ताणला जातो. मोबाइलचे फोटो जड असतात, म्हणून पिक्चर फॉरमॅटमधलं कॉम्प्रेस पिक्चर्स शेवटी एकदा चालवलं. ॲनिमेशन एकाच जागी वापरलं. फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या कुठकुठे जात ते सांगताना नकाशावरची गावं 'अपिअर'नं एकेक करून आणली. बाकी उड्या, गिरक्या सगळ्या वगळल्या.

हॉल दांडिया बाजारात. तिथला प्रोजेक्टर जुना, चौकोनी पडद्याचा, हे आधी जाऊन पाहिलं होतं, त्यामुळे डिझाइनमधल्या स्लाइड साइजमध्ये ४:३ आधीच केलं. फाइलबरोबर तिची पीडीएफ प्रतही पेनड्राइव्हवर घेतली. विंडोज आणि पी दाबून पडदा जोडला, एफ५ दाबलं आणि सुरू झालं. बॉर्डनबद्दल सांगताना लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून बी दाबून पडदा काळा केला, पुन्हा बी दाबून परत आणला. प्रश्नोत्तरांत एका काकांना काचेची जमीन पुन्हा पाहायची होती. स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं, थेट तीच समोर आली. मग बराच वेळ तिच्यावरच बोलणं चाललं: काच निसरडी होते का, वरून चालणारा खाली दिसतो का.

आता हीच पीपीटी गुजरातीत करून द्या असं जवळच्या एका शाळेनं सांगितलंय. निर्मला यूआयमध्ये गुजरातीही आहे, त्यामुळे मास्टर तोच राहील. मथळे नव्यानं लिहायला घेतलेत, आउटलाइनमध्येच.