पाऊल उचलंना

दसऱ्याच्या सुमाराला बीडकडच्या ओपीडीत ऊसतोडीचं बोलणं कानावर पडल्याशिवाय दिवस जात नाही. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, टोळ्या निघायच्या बेतात असतात. अशाच एका सकाळी पंचविशीतल्या बाईला नवऱ्याने पाठुंगळी घालून आणलं. उजवा पाय चार दिवसांपासून लुळा. सलाईन, सीटी स्कॅन, देवऋष्याचा अंगारा, सगळं झालेलं. सासू दारातूनच म्हणाली, "सोंग हाय समदं." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आधी शरीर तपासलं. गुडघ्याचे रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे. तळव्यावर किल्लीने ओरखडा काढला तर अंगठा खालीच वळला. लघवीवर ताबा होता. म्हणजे मज्जारज्जूला इजा दिसत नव्हती. मग हूवरची खूण पाहिली; लुळेपणा मज्जातंतूच्या बिघाडाचा आहे की नाही, हे ताडायची ही चाचणी. रुग्णाला उताणं झोपवायचं, लुळ्या पायाच्या टाचेखाली तळहात ठेवायचा आणि टाच खाली दाबायला सांगायचं. तिच्या टाचेतून काहीच जोर आला नाही. हात तिथेच ठेवून आता चांगला पाय वर उचलायला सांगायचा आणि दुसऱ्या हाताने तो अडवून धरायचा. डावा पाय उचलताना उजवी टाच माझ्या तळहातात रुतली! खुब्यात दुखत असेल तर ही खूण फसवते, म्हणून खुबा आधीच हलवून पाहिला होता. एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. एलियट स्लेटर यांनी 1965 मध्ये लंडनमधल्या 'हिस्टेरिया'चा (म्हणजे त्रास मनातून आलेला, असा) शिक्का बसलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा कित्येकांना मज्जासंस्थेचा खरा आजार निघाला होता.

मनातली ओढाताण शरीरातून बोलते, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड म्हणायचा; हूवरच्या खुणेने ते सिद्ध होत नाही. लक्ष दुसरीकडे गेलं की पाय चालतो, एवढंच त्यातून कळतं. ते का, हे विचारायला नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून चाळीस मिनिटं काढली. "काय टेन्शन आहे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "कायबी न्हाई." म्हणून पाय गेला त्या दिवशी उठल्यापासून काय काय केलं, तेवढंच विचारायचं आणि मध्ये तोंड घालायचं नाही.

आदल्या संध्याकाळी नवऱ्याने उचल आणली होती. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, त्यामुळे तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. मागच्या हंगामात खोपीत लेकरू तापाने फणफणलं असताना ती मोळ्या वाहत राहिली, कारण उचल फिटायची होती. हे तिने बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. "यंदा जायचं नव्हतं का?" "जायचंच की. न जाऊन कसं जमंल?" आणि लगेच, "पर पाऊलच उचलंना, साहेब."

पैशाची उचल, मोळीची उचल आणि न उचलणारं पाऊल. फ्रॉइड आणि त्याचा सहकारी डॉक्टर ब्रॉयर यांच्या हिस्टेरियावरच्या 1895 च्या पुस्तकातली एलिझाबेथ ही रुग्णही अशीच पाय दुखतात म्हणून आली होती. एक पाऊलही पुढे पडत नाही ही तिची भावनाच पायात उतरली, असं फ्रॉइडचं म्हणणं होतं. नेणिवेत, म्हणजे मनाच्या आपल्याला न कळणाऱ्या भागात, परस्परविरोधी इच्छा एकमेकींना न खोडता शेजारी नांदतात, असं त्याने 1915 मध्ये मांडलं. 'जायचंच' हे तिचं खरं होतं आणि पायाचंही खरं होतं. सोंग करणाऱ्याला आपण सोंग करतोय हे ठाऊक असतं. इथे ते नव्हतं.

उचलेचं हे कोडं मी तिला उलगडून सांगितलं नाही. तरुण डॉक्टर हमखास चुकतात ते इथे. बहिणीच्या नवऱ्यावरच्या तिच्या दडपलेल्या प्रेमाची गोष्ट फ्रॉइडने एलिझाबेथपुढे रोखठोक मांडली, तर ती किंचाळली आणि तिच्या वेदना उसळल्या. शिवाय शब्दांचा असा खेळ डॉक्टरला फार आवडतो, म्हणून त्याच्यावर थोडा संशयच धरावा.

त्याऐवजी सगळ्यांना आत बोलावून हूवरची खूण परत करून दाखवली. "तार तुटलेली नाही, बटण अडकलंय. ही सोंग करत नाही." सासू गप्प झाली. मग भिंतीला धरून उलटं चालायला लावलं. सरळ चालण्याची धास्ती त्यात नसते. पाचव्या फेरीला टाच जमिनीवरून सुटली.

नवरा खुश झाला. "मंग सोमवारी टोळीत नेऊ का?"

ती दाराकडे वळली होती. उजवं पाऊल पुन्हा फरशीवर घासू लागलं.

मी कागदावर लिहिलं: सहा आठवडे ओझं उचलणं बंद, दर बुधवारी दाखवायला आणणे. आजाराचा दुय्यम लाभ, म्हणजे आजारपणामुळे मिळणारी सूट, पोसताय, असं फ्रॉइड म्हणाला असता. म्हणो.