ती साथ एक नव्हतीच

पावसाळा होता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीतून निरोप आला, ‘घरोघर माणसं पडलीत, साथ आलीय.’ मी आरोग्य सेविका. सोबत आशाताई होत्या. मागांच्या खडखडाटातून गेलो. पहिल्याच घरात जुलाब, पुढच्या घरात ताप, त्यापुढं पुन्हा उलट्या-जुलाब. लोक म्हणत होते, हवा बिघडलीय. मला आधी रोग कुठल्या वाटेनं येतोय ते शोधायचं होतं.

वहीत दोन रकाने पाडून घरं लिहीत गेले. जुलाबाची घरं सगळी गल्लीच्या खालच्या टोकाला निघाली. तिथं पाणी चढत नाही, म्हणून दारापुढं खड्डा करून नळाला मोटार लावतात. शेजारून गटार. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधले दिवस पाइप रिकामा. कुठं फट असली की घाण आत झिरपते आणि मोटार ती आणखी जोरानं ओढते. आशाताईंनी नळीत पाणी घेऊन क्लोरीन तपासायच्या ‘ओटी’ द्रावणाचे थेंब टाकले. वरच्या टोकाच्या पाण्याला पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन होतं. खालच्या टोकाचं पाणी होतं तसंच राहिलं.

तापाची घरं मात्र विखुरलेली. एका घरात आजींनी नातवाला वेगळ्या खोलीत ठेवलेलं, ताट-वाटी वेगळी, धाकट्या बहिणीला उंबरा ओलांडू देत नव्हत्या. पोराची डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आली होती.

‘आजी, हा शिवल्यानं, उष्ट्यानं होत नाही.’

‘मग कशानं झाला गं बाई?’

मी न्हाणीतल्या हौदाचं झाकण उचलून टॉर्च मारला. पाण्याच्या वरच्या थरात डोकं खाली करून लोंबकळणाऱ्या अळ्या उजेड पडताच वळवळत तळाकडं गेल्या.

‘पाणी तर चांगलं स्वच्छ आहे!’

डेंग्यूच्या डासाला असं साठवलेलं स्वच्छ पाणीच जास्त मानवतं. तो दिवसा चावतो. म्हणून पोराला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा म्हटलं. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला रोग देऊ शकतो.

पाण्याची टंचाई एकच. तिच्यापायी कुणी मोटार लावली, कुणी हौद भरून ठेवले. पण धूरफवारणीनं जुलाब थांबत नाहीत आणि पाणी उकळून डेंग्यू टळत नाही. अशा लोकांना नुसतं ‘स्वच्छता पाळा’ सांगून निघून जाणं मला पटत नाही.

खोदल्यावर गटाराजवळ पाइपाचा जोड सुटलेला सापडला. तो बदलेपर्यंत टँकर, उकळलेलं पाणी आणि ओआरएस. जुलाब आठवड्याभरात आटोक्यात आले. ताप रेंगाळला, कारण या डासाची अंडी हौदाच्या भिंतीला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, भिंती घासाव्या लागतात. हे गल्लीतल्या तेलुगू बोलणाऱ्या बायकांना शेवटी आजींनीच त्यांच्या भाषेत समजावलं, आणि आमच्यापेक्षा त्यांचं लवकर पटलं.