घरचा पीसी बाहेरून उठवणे: भाग दुसरा

घरातल्या घरात वेक ऑन लॅन, म्हणजे बंद पीसी नेटवर्कवरून संदेश पाठवून सुरू करणं, चालू झालंय. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) ईआरपी, म्हणजे पीसी बंद असताना वीज वाचवणारी सोय, बंद केली, विंडोजचं पीसी पूर्ण बंद न करणारं फास्ट स्टार्टअप काढून टाकलं. आता पीसी बंद असतानाही लॅन पोर्टचा दिवा लुकलुकतो. तो दिसत नसेल तर पुढची कुठलीच खटपट करू नका.

पीसी उठवणाऱ्या संदेशात, म्हणजे मॅजिक पॅकेटमध्ये, काही जादू नाही. आधी सहा बाइट एफएफ, मग नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस (त्याचा ओळख क्रमांक) 16 वेळा, एकूण 102 बाइट. खरी गंमत ते पीसीपर्यंत पोचवण्यात आहे. जुन्या कनेक्शनला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येणारा पत्ता, होता, तेव्हा राउटरवर यूडीपी पोर्ट 9 फॉरवर्ड केला होता, म्हणजे त्यावर बाहेरून आलेलं पॅकेट राउटर पीसीकडे पाठवायचा. पीसी बंद केल्याकेल्या पॅकेट सोडलं की उठायचा. चहा पिऊन येऊन सोडलं तर ढिम्म. कारण एआरपी, म्हणजे कुठला आयपी कुठल्या मॅक अ‍ॅड्रेसचा हे राउटर शोधतो ती पद्धत: पीसी झोपला की उत्तर देईनासा होतो, थोड्या वेळाने राउटर त्याची नोंद पुसतो, आणि मग आलेलं पॅकेट कुणाला द्यायचं हेच त्याला कळत नाही.

नव्या कनेक्शनवर तर हाही मार्ग नाही. राउटरच्या वॅन (इंटरनेट बाजूच्या) पानावर 100.72 ने सुरू होणारा पत्ता दिसतो. 100.64 ते 100.127 हा पट्टा कॅरियर ग्रेड नॅटचा, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते. तिथे पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कुणी आत येत नाही. स्टॅटिक आयपीला (स्वतःच्या कायमच्या पब्लिक पत्त्याला) दरमहा वेगळे पैसे मोजायची माझी तयारी नाही.

म्हणून कपाटातला जुना रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) काढला, राउटरला वायरने जोडला, त्यावर टेलस्केल (आपली उपकरणं इंटरनेटवरून एकमेकांना खाजगीपणे जोडणारं सॉफ्टवेअर) टाकलं. फोनवरून पायवर एसएसएच करायचं (दुरून लॉगिन करून कमांड द्यायची) आणि पॅकेट पायनेच घरात ब्रॉडकास्ट करायचं, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम पाठवायचं. थेट फोनवरून सोडून भागत नाही, टेलस्केलमधून ब्रॉडकास्ट पलीकडे जातच नाही. शिवाय राउटरवर एकही पोर्ट उघडा नाही, हे मला जास्त आवडलं. काल ऑफिसमधून मोबाइल डेटावर कमांड दिली, आणि मिनिटभरात रिमोट डेस्कटॉप समोर.

उरली ती वीज. लाइट जाऊन आली की पाय आपोआप उठतो, पण माझ्या मदरबोर्डचा लॅन दिवा पीसी एकदा हाताने सुरू करेपर्यंत लागत नाही. म्हणून बायॉसमध्ये वीज परत आल्यावर थेट चालू हा पर्याय निवडलाय. आता 15 मिनिटांत कुणी लॉगिन केलं नाही तर पीसी स्वतःच बंद होईल अशी स्क्रिप्ट लिहितोय. भिंतीवरच्या बोर्डाच्या बटणावर मात्र चिकटपट्टी लावलीय, घरात कुणीही 'उगाच चालू आहे' म्हणून ते बंद करतं.