कविता ऐकून काय मिळतंय गं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डातले सगळेच, आमचे शेठ, शेजारच्या गाळ्यातले काका, घरात जाऊबाई पण. प्रश्न एकच, बीकॉम झालेली बाई, हळदीच्या अडतीत हिशोब लिहिते, ती सुट्टी टाकून यष्टीनं कोल्हापूरला विद्यापीठात कवितावाचन आणि व्याख्यानं ऐकायला कशाला जाते? जवळपास 50 किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, वर जेवण पण आपलं आपण बघायचं.

सवय जुनी आहे. वडील संक्रांतीला औदुंबरला न्यायचे, दत्ताचं दर्शन आणि तिथलं साहित्य संमेलन एकाच तिकिटात. कवी सुधांशूंचं गाव ते, कृष्णेचा काठ, मांडवात मांडी घालून बसायचं, आणि मला कविता-बिविता काही कळायची नाही, लक्ष सगळं तिळगुळाकडं. पण एवढं बघून ठेवलं होतं की एक माणूस कागद घेऊन उभा राहिला की बाकीचे सगळे गप बसतात. आमच्या सौद्यात असं झालेलं मी तरी बघितलं नाही.

कळतं म्हणाल तर अर्ध्या कविता आजही डोक्यावरनं जातात. त्यात शाल, श्रीफळ, बुके, प्रास्ताविक, परिचय करून देणारा पाहुण्यापेक्षा जास्त बोलणार, आणि प्रश्नोत्तराला एकजण उठून प्रश्न सोडून स्वतःचीच कविता म्हणणार (हा माणूस सगळीकडं असतो, नुसता शर्ट बदलतो). तेवढ्यात मी मागच्या रांगेत शेंगदाणे संपवते.

पण मागच्या वर्षी जत भागातली एक पोरगी, एमएला असेल, पाण्याच्या टँकरवरची कविता वाचत होती. हातातला कागद थरथरत होता, त्याची फडफड माइकमधनं ऐकू येत होती. आई रांगेत घागर लावते इथवर आली आणि थांबली. विसरली का मुद्दाम थांबली देव जाणे, पण पंखा सोडून हॉलमध्ये कशाचाच आवाज नाही. नंतर मी तिच्याकडनं कवितेची झेरॉक्स मागून घेतली, घरी येऊन वाचली, तर त्या जागी कागदावर काहीच नाही, साधा स्वल्पविराम पण नाही, ओळ सरळ पुढं गेलेली. आता हे घरी बसून पुस्तकात कुठनं मिळायचं मला?

ती झेरॉक्स कीर्दवहीत ठेवलीय, कडेला हळदीची बोटं उमटलीत. परवा काकांनी परत तेच विचारलं, काय मिळतंय गं, तेव्हा मी ती काढली आणि गाळ्यातच मोठ्यानं वाचायला लागले. घागरीपाशी आले आणि थांबले.

काका पोत्यावर टेकलेले, तंबाखू मळायचा हात तसाच राहिला.

"मग? भरली का न्हाई?"